माणूस, चिंपांझी, ऱ्हीसस: जन्मजात प्रतिकारशक्तीची तुलना पायरी-पायरीने

एचआयव्ही माणसाच्या पेशीत शिरतो आणि तिथेच ठाण मांडतो. तोच विषाणू ऱ्हीसस माकडाच्या पेशीत शिरला, तर ट्रिम५-अल्फा नावाचे प्रथिन त्याचे कवच पकडते आणि संसर्ग सुरुवातीलाच अडतो. हे २००४ मध्ये उघड झाले. ट्रिम५-अल्फा माणसाकडेही आहे, पण आपले प्रथिन एचआयव्ही-१ला फारसे रोखू शकत नाही. पुढच्या एक-दोन वर्षांतच दिसून आले, की माणसाच्या प्रथिनातले ३३२व्या जागेवरचे एक अमिनो आम्ल बदलले तरी ते एचआयव्ही-१ला बऱ्यापैकी अडवू लागते.

जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणजे शत्रूची आधी ओळख नसतानाही पहिल्या काही तासांत लढणारी फळी. प्रायमेट गणातल्या प्राण्यांमध्ये ती एका साच्यातली आहे आणि तपशिलात मात्र बरीच वेगळी. हे वेगळेपण मोजायचे कसे, ते या लेखात आहे. जीवशास्त्र किंवा बायोइन्फर्मॅटिक्सच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. तुमच्याकडे ताजे नमुने असोत किंवा जाहीर साठ्यातून उतरवलेला डेटा, पायऱ्या बहुतांशी त्याच. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: या कामात फरक सापडणे सोपे आहे. सापडलेला फरक प्राण्याचा की आपल्या पद्धतीचा, हे ठरवणे कठीण. म्हणून प्रत्येक पायरीवर मी हाच प्रश्न विचारणार आहे.

पहिली पायरी: प्रश्न नेमका करा

‘माणसात टीएनएफ (दाह वाढवणारे प्रथिन) जास्त आहे’ हे प्रतिसादाबद्दलचे विधान नाही. विश्रांत अवस्थेतल्या पेशींत टीएनएफ किती, डिवचल्यावर किती, आणि या दोहोंतले अंतर दुसऱ्या प्रजातीतल्या अंतराहून वेगळे आहे का, असा प्रश्न हवा. म्हणजे प्रत्येक जनुकासाठी किमान चार आकडे लागतात आणि आपण फरकांमधला फरक मोजत असतो. ज्या प्रजातीत एखादे जनुक आधीच चढ्या पातळीवर चालू असते, तिथे डिवचल्यावर वाढ कमी दिसते. तिला ‘दुबळा प्रतिसाद’ म्हणायची घाई करू नका; विश्रांत पातळी नेहमी शेजारी मांडा.

दुसरा निर्णय प्रजातींचा. माणूस आणि चिंपांझी या दोघांचीच तुलना केली, तर फरक कळेल, पण बदलले कोण हे कळणार नाही. त्यासाठी बाहेरची तिसरी शाखा लागते. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी फुटल्या. कपी (माणूस, चिंपांझी, गोरिला यांचा गट) आणि जुन्या जगातली, म्हणजे आफ्रिका-आशियातली, माकडे २.५ ते ३ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. चिंपांझी आणि ऱ्हीसस सारखे, माणूस वेगळा, असे दिसले तर बदल बहुधा मानवी शाखेवर झाला असे म्हणता येते. माणूस आणि चिंपांझी एका बाजूला, ऱ्हीसस दुसरीकडे, अशी विभागणी आली तर मात्र आणखी एक माकड हवे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच कारणाने ऱ्हीससच्या जोडीला ऑलिव्ह बबून घेतला होता. त्या अभ्यासाकडे पुढे येऊ.

दुसरी पायरी: नमुने, परवानग्या, सुरक्षितता

प्रायमेट गणातली प्रत्येक प्रजाती साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या किंवा दुसऱ्या परिशिष्टात आहे. जिवंत प्राणीच नव्हे, रक्ताची कुपी सीमेपलीकडे न्यायची असली तरी कागदपत्रे लागतात. चिंपांझी पहिल्या परिशिष्टात आहे. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बहुतेक चिंपांझींना संशोधनातून निवृत्त करण्याचे जाहीर केले आणि २०१५ मध्ये उरलेला मार्गही बंद केला. हा निर्णय योग्यच होता. आज चिंपांझीचे रक्त मिळायचे तर प्राणिसंग्रहालयात किंवा आश्रयस्थानात नेहमीच्या आरोग्य तपासणीत काढलेल्या रक्तातून. दुसरा मार्ग त्वचेच्या पेशींपासून बनवलेल्या आयपीएस पेशींचा, म्हणजे कुठल्याही पेशीत बदलू शकणाऱ्या मूळपेशींचा.

ऱ्हीससच्या बाबतीत आपल्या देशाचा इतिहास थेट या डेटात उतरला आहे. पोलिओ लसीच्या काळात भारतातून माकडे मोठ्या प्रमाणात परदेशी गेली. १९७८ मध्ये सरकारने निर्यात बंद केली. अमेरिकेतल्या संशोधन केंद्रांतले अनेक कळप त्या भारतीय माकडांचे वंशज आहेत. २००७ मध्ये जाहीर झालेला ऱ्हीससचा पहिला संदर्भ जीनोमही भारतीय वंशाच्या मादीचाच. चिनी वंशाच्या ऱ्हीससची जनुके काही ठिकाणी वेगळी आहेत, एमएचसीसारख्या (परक्या प्रथिनांचे तुकडे प्रतिकार पेशींना दाखवणाऱ्या जनुकांच्या) भागात तर ठळकपणे. म्हणून डेटा उतरवताना ‘ऱ्हीसस’ एवढ्यावर थांबू नका, वंश कोणता तेही नोंदवा.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने: मकाक जातीच्या माकडांत (ऱ्हीसस त्यांतलेच) बी विषाणू असू शकतो. त्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही. माणसाला मात्र तो मेंदूपर्यंत पोहोचून मारू शकतो. चावा, ओरखडा, डोळ्यात उडालेला थेंब यांची नोंद आणि प्रथमोपचार त्याच क्षणी झाले पाहिजेत. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची आणि जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी, काम नंतर.

प्राणी किती हवेत? एकाच प्राण्याच्या रक्ताच्या सहा नळ्या म्हणजे सहा नमुने नव्हेत. तो एकच नमुना सहादा मोजला. प्रत्येक प्रजातीचे सहा-आठ स्वतंत्र प्राणी ही मी किमान अट मानतो. त्यांची वये तुल्य हवीत; वर्षांनी नाही, आयुष्याच्या टप्प्याने. नर-मादी दोन्ही असावेत. आणि जिथे शक्य असेल तिथे कळपातले स्थानही नोंदवावे. २०१६ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात ऱ्हीसस माद्यांचे कळप नव्याने बांधून त्यांचे सामाजिक स्थान बदलले गेले. खालच्या स्थानावरच्या माद्यांच्या पेशींनी जिवाणूच्या घटकाला अधिक दाहक प्रतिसाद दिला. प्रजाती एकच, जीनोमही तेच, तरी प्रतिसाद हलला. मग पिंजऱ्यात एकटे ठेवलेले माकड आणि घरून चालत आलेला स्वयंसेवक यांची तुलना करताना आपण प्रजाती मोजतो की जगणे, हा प्रश्न टाळता येत नाही. त्याचे पूर्ण उत्तर कोणत्याच गणितात नाही. परिस्थिती शक्य तितकी जुळवायची आणि उरलेले मोकळेपणाने लिहायचे, एवढेच हातात असते.

तिसरी पायरी: कोणत्या पेशी

तीन पर्याय आहेत. अख्खे रक्त घेतले, तर पेशींना कमीत कमी धक्का बसतो आणि शरीरातल्या स्थितीच्या जवळ राहता येते. पण पेशींचे प्रमाण प्रजातीगणिक बदलते. ऱ्हीससच्या रक्तात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा वाटा अनेकदा माणसापेक्षा मोठा असतो. त्यात पकडताना घाबरलेल्या माकडात न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी वाढतात. मोनोसाइट (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) वेगळे काढले तर तुलना स्वच्छ होते. मात्र वेगळे करण्याची प्रक्रियाच पेशींना जागे करू शकते. त्वचेतले फायब्रोब्लास्ट किंवा आयपीएसपासून बनवलेले मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) घेतले, तर वातावरणाचा प्रभाव पुष्कळ कमी होतो; पण तुम्ही मूळ लढवय्या पेशींपासून दूर जाता. माझा कल असा: मुख्य प्रयोग अख्ख्या रक्तावर करा, पेशींची मोजणी प्रत्येक नमुन्यात करा, आणि महत्त्वाचे निष्कर्ष शुद्ध मोनोसाइटवर तपासा.

पेशी ओळखायच्या अँटिबॉडी इथे खूप जणांना फसवतात. बाजारातल्या बहुतेक अँटिबॉडी मानवी प्रथिनांवर घडवलेल्या आहेत. टी पेशींची खूण असलेल्या सीडी३ प्रथिनासाठी माणसात सर्रास वापरला जाणारा ओकेटी३ हा अँटिबॉडीचा क्लोन (वाण) ऱ्हीससच्या पेशींना चिकटत नाही. तिथे एसपी३४-२ घ्यावा लागतो, तो दोघांतही चालतो. मोनोसाइटवरच्या सीडी१४साठी एम५ई२ दोन्हीकडे उपयोगी पडतो. सीडी५६ हे माणसात एनके (नैसर्गिक मारक) पेशींचे चिन्ह. ऱ्हीससमध्ये तेच मोनोसाइटवर दिसते. मानवी पद्धतीने खूण लावून एनके पेशी वेगळ्या केल्या, तर हाती मोनोसाइट येतील आणि त्यावर रचलेला सगळा निष्कर्ष चुकेल. अमेरिकेतल्या नॉनह्यूमन प्रायमेट रीएजंट रिसोर्सच्या संकेतस्थळावर कोणता क्लोन कोणत्या प्रजातीत चालतो याची यादी आहे. खरेदीआधी ती पाहाच.

चौथी पायरी: डिवचायचे कशाने, किती आणि किती वेळ

जिवाणूची नक्कल करायला लायपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस. ते टीएलआर४ या रिसेप्टरमार्फत, म्हणजे जंतूचे घटक ओळखणाऱ्या प्रथिनामार्फत, काम करते. एकपदरी आरएनए विषाणूची नक्कल करायला गार्डिक्विमॉड, ते टीएलआर७ला जागे करते. दुपदरी आरएनएसाठी पॉली आयसी. एकच उत्तेजक वापरलात तर ‘ही प्रजाती जोरात प्रतिसाद देते’ एवढेच कळेल. दोन वापरलेत तर ती जिवाणू आणि विषाणू यांत भेद किती करते, हेही कळेल, आणि हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. एलपीएस अतिशुद्ध घ्या, नाहीतर त्यातली भेसळ टीएलआर२लाही चेतवते.

मात्रेचा प्रश्न नाजूक आहे. माणूस एलपीएसला फार संवेदनशील आहे: स्वयंसेवकांवरच्या अभ्यासांत शरीराच्या किलोमागे २ ते ४ नॅनोग्रॅम एवढ्यानेच थंडी-ताप येतो. बबून आणि मकाक यांना आजारी पाडायला त्याच्या कित्येक पट मात्रा लागते. मग बशीत सगळ्यांना सारखी मात्रा द्यायची की प्रत्येकाला त्याच्या संवेदनशीलतेप्रमाणे? दोन्ही प्रश्न वाजवी आहेत, पण वेगवेगळे. आधी प्रत्येक प्रजातीत चार-पाच मात्रांचा आलेख काढा आणि आलेखाच्या कोणत्या भागात तुम्ही मोजणार ते ठरवा. एक प्रजाती आलेखाच्या माथ्यावर आणि दुसरी चढावर असेल, तर त्यांच्यातला फरक हा मात्रेचा फरक ठरतो.

वेळही किमान दोन हवेत. ४ आणि २४ तास ही जोडी रूढ आहे. ४ तासांना कमी दिसणारा प्रतिसाद २४ तासांना बरोबरीला आला, तर तो कमी नव्हता, उशिराचा होता.

आणखी एक गोष्ट सहज निसटते: पेशी वाढवायच्या माध्यमातला सीरम. माणसाने सीएमएएच हे जनुक उत्क्रांतीत २० ते ३० लाख वर्षांपूर्वी गमावले, म्हणून एनईयू५जीसी हे सायलिक आम्ल (पेशीच्या पृष्ठभागावरची एक शर्करा) आपण बनवू शकत नाही. चिंपांझी आणि ऱ्हीसस बनवतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले अजित वारकी यांनी यावर दीर्घ काम केले आहे. गाईच्या गर्भाच्या सीरममध्ये हे आम्ल असते आणि मानवी पेशी ते उचलून स्वतःच्या पृष्ठभागावर लावतात. म्हणजे माध्यम ‘सर्वांना समान’ ठेवूनही माणसाच्या पेशी तुम्ही थोड्या अमानवी केलेल्या असतात. प्रत्येक प्राण्याचे स्वतःचे सीरम वापरणे हा उपाय आहे. तो अवघड असेल तर सीरममुक्त माध्यमात निष्कर्ष एकदा पडताळा.

पाचवी पायरी: सिक्वेन्सिंग करताना नमुने मिसळा

डिवचलेल्या आणि न डिवचलेल्या पेशींतला आरएनए काढून यंत्रावर वाचायचा, म्हणजे प्रत्येक जनुक किती चालू आहे (त्याची अभिव्यक्ती) हे मोजता येते. इथे एक खरे उदाहरण सांगायलाच हवे. २०१४ मध्ये माणूस आणि उंदीर यांच्या अनेक अवयवांची जनुकीय अभिव्यक्ती ताडून एका मोठ्या प्रकल्पाने जाहीर केले, की नमुने अवयवाप्रमाणे नव्हे तर प्रजातीप्रमाणे गटात पडतात; म्हणजे उंदराचे यकृत माणसाच्या यकृतापेक्षा उंदराच्याच मूत्रपिंडाशी जास्त जुळते. बऱ्याच जणांना हे खटकले. शिकागो विद्यापीठाच्या योआव गिलाड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१५ मध्ये कच्च्या फायलींतून सिक्वेन्सिंगची मांडणी शोधून काढली. माणसाचे आणि उंदराचे बहुतेक नमुने वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या मार्गिकांत (यंत्रातल्या पट्ट्यांत) चालवले गेले होते. त्या मांडणीचा प्रभाव वजा केल्यावर नमुने अवयवाप्रमाणेच गटात पडले.

म्हणून आरएनए काढण्याच्या प्रत्येक फेरीत, लायब्ररीच्या प्रत्येक ताटलीत आणि प्रत्येक मार्गिकेत सगळ्या प्रजाती, डिवचलेले आणि न डिवचलेले नमुने मिसळलेले हवेत. सोमवारी माणूस, मंगळवारी माकड असे केले, तर पुढचे कुठलेही सॉफ्टवेअर ते सोडवू शकत नाही. जाहीर डेटा वापरत असाल तर ही माहिती फायलीतल्या वाचनांच्या (यंत्राने वाचलेल्या आरएनएच्या तुकड्यांच्या) नावात बहुधा सापडते: यंत्राचा क्रमांक, फ्लोसेल, मार्गिका. पहिल्याच दिवशी ती बाहेर काढून तक्ता करा. दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे दोन वेगळ्या प्रजातींवरचे डेटासंच जोडून तुलना करायचा मोह होतो. प्रत्येक संचात स्वतःचे न डिवचलेले नमुने असतील तरच प्रतिसादाच्या पातळीवर, तेही जपून, असे करता येईल. निव्वळ अभिव्यक्तीची तुलना त्यातून करू नका.

सहावी पायरी: जनुकांची जोडणी

प्रत्येक प्रजातीची वाचने तिच्या स्वतःच्या जीनोमवर बसवा. सगळी मानवी जीनोमवर बसवली तर माकडाची वाचने जास्त गळतात आणि माकडात अभिव्यक्ती ‘कमी’ दिसते. मग मोजणी फक्त अशा एक्सॉनवर (जनुकाचे जे तुकडे आरएनएत टिकतात त्यांवर) करा, जे सगळ्या प्रजातींत एकास एक जुळतात. एका जीनोममधली जागा दुसऱ्यात शोधणाऱ्या लिफ्टओव्हर या साधनाने माणसाकडून माकडाकडे आणि परत माणसाकडे जाऊन जो तुकडा मूळ जागी येतो, तोच ठेवा. एन्सेम्बल या जीनोम साठ्यात एकास एक जुळणाऱ्या जनुकांच्या याद्या तयार मिळतात. सुरुवातीला त्या पुरतात.

पण या गाळणीत काय सांडते ते पाहा. केआयआर, एमएचसी, एपोबेक३, इंटरफेरॉन-अल्फा, सिग्लेक ही प्रतिकारशक्तीच्या जनुकांची कुटुंबे प्रजातीगणिक वाढली-घटली आहेत. माणसातल्या एचएलए-सी या एमएचसी जनुकाचा जोडीदार जुन्या जगातल्या माकडांत नाही. ऱ्हीससमध्ये एमएचसीच्या ए आणि बी गटांच्या अनेक प्रती आहेत. एकास एक अट लावली की ही सगळी जनुके बाद होतात, आणि प्रतिकारशक्तीतली सर्वांत वेगाने बदलणारी जनुके नेमकी हीच. म्हणजे अशा तुलनेचा निष्कर्ष ‘बहुतेक प्रतिसाद सारखाच आहे’ असा आला, तर त्यातला काही भाग गाळणीनेच घडवलेला असतो. या कुटुंबांसाठी वेगळे विश्लेषण ठेवा, जिथे सर्व प्रतींची बेरीज हे एक माप धरता येते. २०२५ मध्ये चिंपांझी, बोनोबो, गोरिला, दोन ओरांगउटान आणि सियामांग यांचे टोकापासून टोकापर्यंत पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाले. पुनरावृत्तीने भरलेले हे भाग त्यांत पहिल्यांदाच नीट वाचता येतात, त्यामुळे कपींसाठी जुना संदर्भ वापरायचे आता कारण नाही.

सातवी पायरी: गणित

आर भाषेतली लिमा आणि व्हूम किंवा डीसेक२ ही संख्याशास्त्रीय साधने, दोन्ही चालतात. प्रतिमानात तीन पदे हवीत: प्रजाती, उत्तेजना आणि त्या दोघांचा गुणाकार. तुमचे उत्तर तिसऱ्या पदात आहे. एकाच प्राण्याचे डिवचलेले आणि न डिवचलेले नमुने जोडीने येतात, तेव्हा प्राणी हा घटकही प्रतिमानात आणा. लिमामध्ये डुप्लिकेट-कोरिलेशनने ते सोपे जाते. पेशींचे प्रमाण मोजले असेल तर तेही टाका.

मला सर्वांत जास्त खटकणारी चूक वेन आकृतीची. माणसात पी-मूल्य ०.०४ आले म्हणून जनुक ‘प्रतिसाद देणारे’, चिंपांझीत ०.०६ आले म्हणून ‘न देणारे’, आणि दोन वर्तुळे काढून ते ‘फक्त माणसात’ असे जाहीर करायचे. इथे प्रजातींमधला फरक तपासलेलाच नाही. ज्या प्रजातीचे प्राणी कमी, तिचे वर्तुळ आपोआप लहान होते. गुणाकाराचे पद थेट तपासा. किंवा मॅशसारखी पद्धत वापरा, जी सर्व प्रजातींचे परिणाम एकत्र पाहते आणि कमी नमुन्यांच्या प्रजातीला इतरांकडून आधार देते.

जिवाणू-विषाणू भेद मोजायचा तर प्रत्येक प्रजातीत एलपीएसचा प्रतिसाद एका अक्षावर आणि गार्डिक्विमॉडचा दुसऱ्या अक्षावर मांडा. बिंदू कर्णाभोवती गोळा झाले, तर ती प्रजाती दोन्हींना सारखेच उत्तर देते.

आठवी पायरी: आकड्यांचा अर्थ

तुमचे निकाल कशाशी ताडून पाहायचे? २०१० मध्ये लुईस बारेरो, गिलाड आणि सहकाऱ्यांनी माणूस, चिंपांझी आणि ऱ्हीसस यांच्या मोनोसाइटना एलपीएस दिले. प्रतिसादाचा गाभा तिघांत समान निघाला. चिंपांझीच्या खास प्रतिसादात विषाणूंशी निगडित जनुके जास्त होती. २०२१च्या अभ्यासात रक्त चार प्रजातींचे होते: माणूस, चिंपांझी, ऱ्हीसस, ऑलिव्ह बबून. सुरुवातीच्या तासांत कपींचा प्रतिसाद माकडांपेक्षा जोरदार आला, पण जिवाणू आणि विषाणू यांत भेद कमी करणारा. माकडांचा प्रतिसाद सौम्य आणि अधिक नेमका. २०१८ मध्ये माणूस, ऱ्हीसस, रॅट (मोठा उंदीर) आणि उंदीर यांच्या फायब्रोब्लास्टवर झालेल्या कामात दिसले, की सायटोकाइन आणि केमोकाइन (पेशींमध्ये निरोप पोहोचवणारी प्रथिने) प्रजातींमध्ये वेगाने बदलतात, तर त्यांना चालवणारे नियंत्रक घटक बरेचसे स्थिर राहतात. तुमच्या निकालात उलटे चित्र आले, म्हणजे एनएफ-कप्पाबीसारखे नियंत्रक बदललेले आणि सायटोकाइन जसेच्या तसे, तर आधी सहावी पायरी पुन्हा तपासा.

नववी पायरी: प्रथिनापर्यंत आणि प्राण्यापर्यंत

आरएनए वाढले म्हणजे प्रथिन वाढले असे नाही. मात्र प्रथिन मोजणारे मानवी एलायझा किट माकडाच्या सायटोकाइनला कमी घट्ट पकडते, म्हणून माकडाचा आकडा खोटा कमी येतो. त्या प्रजातीचे शुद्ध प्रथिन घेऊन स्वतंत्र प्रमाण-आलेख काढल्याशिवाय दोन प्रजातींचे आकडे शेजारी ठेवू नका. शक्य असेल तिथे जनुकाची अदलाबदल करून पाहा: माकडाची प्रत मानवी पेशीत, मानवी प्रत माकडाच्या पेशीत. ट्रिम५-अल्फाचा पुरावा पक्का झाला तो याच मार्गाने. विषाणूला पेशीशी बांधून ठेवणाऱ्या टेथरिन प्रथिनाचेही तसेच: मानवी टेथरिनच्या शेपटीत पाच अमिनो आम्ले गळाली आहेत, त्यामुळे माकडांच्या विषाणूचे नेफ प्रथिन त्याला पकडू शकत नाही, आणि एचआयव्ही-१ने ते काम व्हीपीयू या आपल्या दुसऱ्या प्रथिनाकडे सोपवले.

बशीतल्या पेशींना वेळेचे पूर्ण भान नसते. सूटी मँगाबे आणि आफ्रिकन ग्रीन मंकी या माकडांना त्यांच्या एसआयव्हीचा, म्हणजे माकडांतल्या एचआयव्हीसारख्या विषाणूचा, संसर्ग आयुष्यभर असतो, रक्तात विषाणू भरपूर असतो, तरी एड्स बहुधा होत नाही. २००९ मधल्या कामांतून कळले, की सुरुवातीला त्यांचाही विषाणूविरोधी इंटरफेरॉन प्रतिसाद जोरात उसळतो. फरक एवढाच, की काही आठवड्यांत तो खाली येतो. ऱ्हीससमध्ये तो खाली येत नाही. २४ तासांच्या प्रयोगात हा फरक दिसलाच नसता.

आपल्याकडचा असाच एक खुला प्रश्न माकडतापाचा आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात वानरे आणि बॉनेट मकाक मरून पडू लागले आणि पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, विषाणू वेगळा केला. गोचिडीतून पसरणारा हा आजार पुढे गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गकडे पोहोचला. वानर आणि मकाक या दोन बऱ्याच दूरच्या शाखा. दोन्ही या विषाणूपुढे ढासळतात. त्यांच्या पहिल्या तासांतल्या प्रतिसादात समान काय आहे, हे वरच्या पायऱ्यांनी विचारता येण्यासारखे आहे. त्यासाठी प्राण्याला संसर्ग द्यायची गरज नाही. वनविभागाच्या परवानगीने, उपचारासाठी आणलेल्या प्राण्यांच्या रक्ताचे काही मिलिलिटर आणि पॉली आयसी एवढ्यावर सुरुवात होते.

डेटा साठ्यात जमा करताना प्रत्येक नमुन्यासोबत प्राण्याचे वय, लिंग, वंश, एकटा की कळपात, भूल कोणती दिली, रक्त काढल्यापासून डिवचेपर्यंतचा वेळ, पेशींची मोजणी, एलपीएसचा लॉट आणि सिक्वेन्सिंगची मार्गिका हे रकाने भरा. रिकाम्या रकान्यात ‘नोंद नाही’ असे लिहा, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला शोधत बसावे लागणार नाही.